रायसिनची बातमी, सरकारी अंदाज आणि आपण

नोव्हेंबर २०२५ मध्ये गुजरात एटीएसने हैदराबादच्या एका डॉक्टरला अटक केली. एरंडाच्या बियांपासून रायसिन नावाचं विष बनवण्याच्या तयारीत तो होता, असा आरोप आहे. बडोदा आणि हैदराबाद या दोन्ही शहरांत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मराठी माणसाला ही बातमी लांबची वाटायचं कारण नाही. जगातलं बहुतेक एरंड भारतात पिकतं आणि त्यातलं बहुतेक गुजरातेत. आरोपीचं काय व्हायचं ते कोर्टात होईल. हा लेख त्याच्याबद्दल नाही.

प्रश्न वेगळा आहे. अशी बातमी आली की सरकार सांगतं, "रासायनिक किंवा जैविक हल्ल्याचा धोका होता." मग टीव्हीवर एरंडाचं गुऱ्हाळ सुरू होतं. पण सरकार हा धोका ठरवतं कसं? तो किती पक्का असतो? आणि अंदाज चुकला तर त्याची किंमत कोण मोजतं? जगात गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत सरकारं या विषयात दोन्ही बाजूंनी चुकली आहेत. कधी नसलेलं विष दिसलं, कधी असलेलं दिसलं नाही. दोन्ही वेळा माणसं मेली.

आधी एक साधी गोष्ट. रायसिन संसर्गजन्य नाही, ते एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. घरातल्या एरंडेल तेलात रायसिन नसतं. त्यावर खात्रीचा उतारा अजून नाही आणि रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या सगळ्यात कडक यादीत त्याचं नाव आहे, हेही खरं. म्हणजे विष जबर आहे, पण त्याने अख्खं शहर आडवं होईल असं नाही. "विष आहे" आणि "मोठ्या संहाराचं शस्त्र आहे" या दोन वाक्यांत बरंच अंतर आहे, आणि सरकारी भाषेत नेमकं तेच अनेकदा गायब होतं.

अंदाज कशाचा बनतो?

धोक्याचं मूल्यमापन म्हणजे तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं. समोरच्याकडे क्षमता आहे का? त्याचा इरादा आहे का? आणि दोन्ही असतील तर नुकसान किती होईल? चौथी गोष्ट म्हणजे या तिन्ही उत्तरांवर आपला भरवसा किती.

रणगाडे उपग्रहातून मोजता येतात. रसायनाचं तसं नाही. कीटकनाशकाचा कारखाना आणि विषारी वायूचा कारखाना बाहेरून सारखे दिसू शकतात. लस बनवणारी टाकी आणि जंतू वाढवणारी टाकी यांतला फरक छायाचित्रात कळत नाही. त्यामुळे क्षमतेचा पुरावा दुहेरी अर्थाचा आणि इरादा तर माणसाच्या डोक्यात. मग गुप्तचर खातं फितुरांवर, मधल्या दलालांवर आणि आधीच्या अनुभवावर विसंबतं. गडबड तिथे सुरू होते.

लंडनचा फ्लॅट

रायसिनचीच एक जुनी गोष्ट इथे उपयोगी पडते. जानेवारी २००३ मध्ये लंडनच्या वुड ग्रीन भागातल्या एका फ्लॅटवर पोलिसांनी छापा टाकला. हाताने लिहिलेले विषाचे पाठ आणि एरंडाच्या थोड्या बिया सापडल्या. जागेवरच्या प्राथमिक चाचणीत रायसिनचा अंश असल्याचं वाटलं. सरकारने ते जाहीर केलं. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेत इराकविरुद्ध बाजू मांडली, तेव्हा ब्रिटनमधल्या या टोळीचाही उल्लेख आला.

पुढे काय झालं? पोर्टन डाउन या ब्रिटनच्या सरकारी प्रयोगशाळेने सविस्तर चाचणी केली, तेव्हा रायसिन नव्हतंच. हा निकाल नीट वरपर्यंत पोचला नाही, आणि लोकांना तर तो खटला संपल्यावर, एप्रिल २००५ मध्ये कळला. पहिल्या खटल्यातले चौघे निर्दोष सुटले. एकाला शिक्षा झाली. त्याने आधी अटकेच्या वेळी एका पोलीस अधिकाऱ्याचा खून केला होता. माणूस धोकादायक होता, यात शंका नाही. विष मात्र नव्हतं. आणि या दोन वर्षांच्या मध्ये एक अख्खं युद्ध सुरू झालं होतं.

इराक: "आमचा अंदाज असा" हे शब्द कुठे गेले?

ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणांनी इराकबद्दलचा एकत्रित अहवाल तयार केला. सेनेटमधून मागणी आल्यावर तो काही आठवड्यांत उरकला गेला. इराककडे रासायनिक आणि जैविक शस्त्रं आहेत, असं त्यात ठामपणे म्हटलं होतं. फिरत्या ट्रकांवरच्या जंतू-प्रयोगशाळांची गोष्ट मुख्यतः एका माणसावर उभी होती. "कर्व्हबॉल" हे त्याचं टोपणनाव. तो जर्मनीत आश्रयाला आलेला इराकी, जर्मन गुप्तचरांच्या ताब्यातला. युद्धाआधी अमेरिकी विश्लेषकांनी त्याची स्वतः नीट उलटतपासणी केलीच नाही. २०११ मध्ये त्याने स्वतःच कबूल केलं की ती गोष्ट रचलेली होती.

सगळ्यात शिकण्यासारखं पुढेच आहे. त्या गुप्त अहवालाची एक जाहीर आवृत्ती निघाली. गुप्त आवृत्तीत ठिकठिकाणी "आमचा अंदाज असा" अशी पुस्ती होती, काही खात्यांचे मतभेदही नोंदवलेले होते. जाहीर आवृत्तीतून यातलं बरंच गाळलं गेलं. सेनेटच्या समितीने २००४ मध्ये हे दाखवून दिलं. अंदाज तळघरात अंदाज होता, पहिल्या मजल्यावर मत झाला आणि गच्चीवर पोचेपर्यंत वस्तुस्थिती बनला.

युद्धानंतर अमेरिकेच्याच पथकाने इराक पिंजून काढला. २००४ च्या त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष असा की लढाईत वापरण्याजोगे साठे नव्हतेच, ते १९९१ नंतर नष्ट केले गेले होते. जुन्या, गंजलेल्या तोफगोळ्यांचे अवशेष मिळाले, तेवढेच. ब्रिटनमध्ये बटलर समितीने, अमेरिकेत अध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने आणि पुढे २०१६ मध्ये चिलकॉट चौकशीने हीच चिरफाड केली.

पण विश्लेषक एवढे का फसले, याचं उत्तर फक्त "राजकारण्यांचा दबाव" एवढंच नाही. १६ मार्च १९८८ रोजी सद्दामच्या फौजेने हलब्जा गावावर विषारी वायू सोडला होता आणि हजारो कुर्द माणसं मेली होती. १९९१ च्या युद्धानंतर निरीक्षक आत गेले, तेव्हा इराकचा जैविक कार्यक्रम बराच मोठा निघाला. तो इराकने १९९५ मध्ये, बरीच टाळाटाळ करून, मान्य केला. म्हणजे एकदा कमी लेखून तोंडघशी पडलेली यंत्रणा दुसऱ्यांदा जास्त लेखून पडली. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसलाच प्रकार. फक्त इथे फुंकर म्हणजे बॉम्बफेक होती.

उलट्या बाजूची चूक

आता दुसरी बाजू, कारण "सगळे धोके बनावट असतात" असा निष्कर्ष काढणंही तितकंच घातक.

एप्रिल १९७९ मध्ये सोव्हिएत रशियातल्या स्वेर्दलोव्स्क शहरात अँथ्रॅक्सने माणसं मरू लागली. सरकारने सांगितलं, दूषित मांस खाल्ल्याने झालं. अमेरिकेला संशय होता, पण पुरावा पक्का नव्हता आणि कित्येक नामवंत शास्त्रज्ञांना मांसाची गोष्ट पटण्यासारखी वाटली. १९९२ मध्ये बोरिस येल्त्सिन यांनी कबुली दिली की याला लष्करी संशोधन कारणीभूत होतं. त्यानंतर शास्त्रज्ञांनी गावात जाऊन मृतांचे पत्ते आणि त्या दिवसाच्या वाऱ्याची दिशा जुळवली. बहुतेक मृत माणसं त्या दिवशी लष्करी तळापासून निघालेल्या एका अरुंद पट्ट्यात होती. किमान ६६ बळी. जैविक शस्त्रबंदी करार १९७५ पासून लागू होता आणि सोव्हिएत रशिया त्याच्या राखणदार देशांपैकी एक होता, तरीही हा प्रकार चालू होता.

जपानचं उदाहरण याहून बोचरं. जून १९९४ मध्ये मात्सुमोतो शहरात सारिन वायूने सात जण मेले. पोलिसांनी संशय घेतला तो तिथल्याच एका रहिवाशावर, ज्याची स्वतःची बायको त्या वायूने बेशुद्ध पडली होती. खरे गुन्हेगार ओम शिनरिक्यो पंथाचे. नऊ महिन्यांनी, २० मार्च १९९५ रोजी, त्यांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत तोच वायू सोडला. डझनभराहून जास्त माणसं दगावली, हजारोंना दवाखाना गाठावा लागला. धार्मिक संस्था म्हणून नोंदणी असलेल्या गटाला हात लावायला यंत्रणा कचरत होती. आणि २०१८ मध्ये जर्मनीत कलोनला एका घरात खरंच रायसिन सापडलं, २०२० मध्ये आरोपीला शिक्षा झाली. म्हणजे लंडनमध्ये रायसिन नव्हतं, कलोनमध्ये होतं. हैदराबाद प्रकरणात काय होतं, ते प्रयोगशाळेचा अहवाल आणि न्यायालय सांगेल. बातमीची पट्टी सांगणार नाही.

लांडगा खरंच आला तेव्हा

चुकीच्या अंदाजाची सगळ्यात मोठी किंमत पुढच्या खऱ्या अंदाजाला मोजावी लागते. ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियातल्या घूता भागात सारिनचा हल्ला झाला. ब्रिटिश सरकारने गुप्तचर समितीचं मूल्यमापन जाहीर केलं. २९ ऑगस्टला ब्रिटिश संसदेने कारवाईचा ठराव २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला. चर्चेत वारंवार नाव येत होतं ते इराकचं. "लांडगा आला रे आला" ही गोष्ट शाळेत सगळ्यांनीच ऐकली आहे. या वेळी लांडगा खरंच आला होता. १६ सप्टेंबरला राष्ट्रसंघाच्या पथकाने सारिन वापरल्याचं नमुन्यांवरून सिद्ध केलं.

इथे एक धडा आहे. एका देशाचं सरकार "आमची खात्री आहे" म्हणतं, त्यापेक्षा तिसऱ्याने उचललेला, सीलबंद केलेला आणि दोन वेगळ्या प्रयोगशाळांत तपासलेला नमुना जास्त बोलतो. युक्रेनमध्ये आज तेच सुरू आहे. मे २०२४ मध्ये अमेरिकेने म्हटलं की रशियाने क्लोरोपिक्रिन वापरलं, रशियाने ते नाकारलं. हेगच्या रासायनिक शस्त्र प्रतिबंधक संघटनेने नोव्हेंबर २०२४ च्या अहवालात खंदकातल्या नमुन्यांत सीएस हा अश्रुधुराचा प्रकार सापडल्याचं सांगितलं. युद्धात तोही निषिद्धच आहे. दोन्ही विधानं एकमेकांना खोडत नाहीत. पण एक सरकारचं विधान आहे, दुसरं नमुन्याचं.

रासायनिक शस्त्रांसाठी निदान अशी संघटना आहे. १९३ देश तिचे सदस्य आहेत. जैविक शस्त्रांच्या कराराला ५० वर्षं झाली तरी तपासणीची यंत्रणाच नाही. जिनिव्हातल्या त्याच्या कार्यालयात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके कर्मचारी आहेत. त्यामुळे जैविक धोक्याबद्दल एखादं सरकार काही म्हणालं, की ते पडताळून पाहणारा कोणी तटस्थ पंच उरत नाही.

आपलं घर

भारताची बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. ऑगस्ट १९९२ मध्ये भारत आणि पाकिस्तानने संयुक्त घोषणा केली की रासायनिक शस्त्रं बाळगणार नाही. जून १९९७ मध्ये, करार लागू झाल्यावर, भारताने १,०४४ टन मस्टर्ड वायूचा साठा असल्याचं जाहीर केलं. शेजाऱ्यांच्या भुवया उंचावल्या. पण भारताने तो साठा तपासनिसांसमोर २००९ पर्यंत पूर्ण नष्ट केला. अमेरिकेला आपला शेवटचा साठा नष्ट करायला जुलै २०२३ उजाडलं.

या कामातलं एक मोठं नाव आपल्याच ओळखीच्या शहरातलं आहे. ग्वाल्हेरची संरक्षण संशोधन प्रयोगशाळा, म्हणजे डीआरडीई. तिची मुळं शिंदे संस्थानाच्या काळातल्या जिवाजी औद्योगिक संशोधन प्रयोगशाळेत आहेत. विषारी वायू ओळखणं, मुखवटे, सूट, चाचणीचे संच, जंतूंचं निदान, ही तिची कामं. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांच्या यादीत तिचं नाव आलेलं आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत सर्वोच्च सुरक्षा पातळीची प्रयोगशाळा आहे. थोडक्यात, नमुना तपासायची क्षमता देशात आहे. नमुना तिथे लवकर पोचतो का आणि निकाल लोकांपर्यंत येतो का, हा खरा प्रश्न.

निकाल येत नाही तेव्हा काय होतं, ते सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेने दाखवलं. आधी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे रुग्ण मिळाले, मग सुरतेत. बळी पन्नासच्या आसपास. पण शहर सोडून पळालेले लोक लाखांत, त्यात खानदेशातून पोटासाठी गेलेले किती तरी. परदेशांनी विमानं थांबवली, व्यापार अडला. हे नक्की काय आहे आणि किती पसरलंय, हे विश्वासाने सांगणारं कोणी नव्हतं.

भोपाळचंही तेच. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री दवाखान्यातल्या डॉक्टरांना समोरचा माणूस कशाने गुदमरतोय हेच माहीत नव्हतं. चाळीस वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, तिथला ३३७ टन घातक कचरा इंदूरजवळच्या पीथमपूरला जाळायला आणला. "धोका नाही" असं सरकार सांगत होतं आणि लोक रस्त्यावर उतरले. कचरा पुढे हायकोर्टाच्या देखरेखीखाली जळला. लोकांचा राग त्या कचऱ्यावर होता तितकाच "धोका नाही" या दोन शब्दांवरही होता. ते शब्द त्यांनी आधीही ऐकले होते.

सीमेवरच्या माणसाने काय विचारावं?

जंतू आणि वायू राज्याची हद्द बघत नाहीत. माकडताप १९५७ मध्ये शिवमोग्याकडे पहिल्यांदा ओळखला गेला. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरीत दिसला आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात. एकच सह्याद्री, तीन राज्यं, तीन आरोग्य खाती. असा नेहमीचा आजार वेळेत ओळखणारी व्यवस्था असेल, तरच उद्या कोणी मुद्दाम पसरवलेला आजार ओळखता येईल. जैविक धोक्याचा पहिला पहारेकरी तालुक्याच्या दवाखान्यातला डॉक्टर असतो, दिल्लीतला अधिकारी नव्हे.

रसायनांचंही तसंच. १९९६ च्या नियमांनुसार मोठ्या धोक्याचे कारखाने असलेल्या जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली आपत्ती गट असायला हवा, आणि कारखान्याबाहेरच्या वस्तीसाठी आराखडाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००७ ते २००९ या काळात औद्योगिक रसायनं, जैविक आपत्ती आणि रासायनिक दहशतवाद या तिन्हींची मार्गदर्शक तत्त्वं काढली. अपघात असो की हल्ला, पहिल्या दोन तासांत लागणारी तयारी जवळपास सारखीच: वारा कुठला, माणसं कुठल्या रस्त्याने हलवायची, दवाखान्यात कोणतं औषध आहे, सूचना कोण देणार.

आणि कोणत्या भाषेत देणार? बेळगाव, खानापूर, निपाणीच्या वाचकाला हा प्रश्न समजावून सांगायला नको. जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखाद्या भाषिक अल्पसंख्याकाची लोकसंख्या १५ टक्के असेल तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, हे केंद्राचं जुनं, मान्य धोरण आहे. दुकानाच्या पाटीवरून आपण खूप भांडलो, त्यात गैर काही नाही. पण "खिडक्या बंद करा, ओला फडका तोंडावर धरा, वाऱ्याच्या आडव्या दिशेने चला" ही सूचना म्हाताऱ्या आजीला कळणाऱ्या भाषेत निघेल का, हा प्रश्न आपण कधी निवेदनात घातलाय का?

म्हणून पुढच्या वेळी अशी बातमी आली की तीन गोष्टी बघाव्यात. प्रत्यक्ष विष सापडलं की फक्त सामान आणि कागद? चाचणी जागेवरची की प्रयोगशाळेची, आणि कोणत्या? सरकार "आहे" म्हणतंय की "असावं" म्हणतंय? आरोपीच्या आडनावावरून उत्तर काढायची घाई झाली की हे तिन्ही प्रश्न मागे पडतात, आणि मात्सुमोतोत पोलिसांचं जे झालं तेच आपलं होतं: बोट एकीकडे, गुन्हेगार दुसरीकडे.

आणि एक काम बातमीची वाट न बघता करता येण्यासारखं आहे. आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयात माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाकावा: आमच्या भागातल्या कारखान्याबाहेरच्या आराखड्याची शेवटची रंगीत तालीम कधी झाली, शेजारच्या राज्याचे अधिकारी तिला होते का, आणि सूचना कोणत्या भाषांत तयार आहेत? धोका किती आहे हे सरकारने सांगावं. तयारी किती आहे हे मात्र आपण विचारल्याशिवाय कोणी सांगणार नाही.